ट्रॉलीचा हुक वेगळा, लिफ्टची पट्टी वेगळी

काटोल-कळमेश्वरकडे कोणत्याही वावरात जा, ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खालच्या दोन लिंकांमध्ये (हातांमध्ये) भोकांची आडवी पट्टी अडकवलेली दिसते आणि ट्रॉली तिलाच. विचारलं तर मालक म्हणतो, "हुकच तर आहे." नाही भाऊ, तो हुक नाही.

हुक सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या बुडाशी बोल्टांनी कसलेला, मागच्या अ‍ॅक्सलच्या खाली, वरखाली न होणारा. पट्टी मात्र लिफ्टच्या हातांवर लटकते आणि लिव्हर ओढला की वर जाते. पट्टी सरळ घ्यावी की बाकदार, यावर लोक तासभर वाद घालतात. काही फरक पडत नाही. लिंकांच्या मापाचे वर्ग असतात: कॅटेगरी एकच्या लिंकला २२ मिलिमीटरची पिन लागते, दोनच्या लिंकला २८ ची. बसेल ती घ्या, विषय संपला.

खरा घोळ पुढे आहे. "कल्टिव्हेटर, नांगर लिफ्टलाच लावतो, तोही ओढतोच. मग ट्रॉलीनंच काय घोडं मारलं?" हा प्रश्न दरवेळी येतो, आणि दिसतो तितका भाबडा नाही.

नांगर तीन ठिकाणी धरलेला असतो: खाली दोन लिंका, वर टॉपलिंक. फाळ जमिनीत अडला की नांगराचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो आणि टॉपलिंकमधून ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्या रेट्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवर दाबून राहतात. ही तीन ठिकाणची जोडणी येण्याआधी नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर मागच्या मागे उलटायचे. आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसननं ही जोडणी बसवली, त्यामागे हे दुखणं मोठं कारण होतं. १९३९ मध्ये ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली.

ट्रॉली एका पिनेवर असते. टॉपलिंक रिकामी, पुढे रेटणारं कोणी नाही. आता ओढ जितकी वरून, तितकं ट्रॅक्टरचं तोंड लवकर उचलतं. पट्टी खाली असेपर्यंत निभावतं. पण लिव्हरला हात लागला, किंवा "ट्रॉलीची दांडी जमिनीला घासते" म्हणून कोणी मुद्दाम उचलली, की पट्टी अ‍ॅक्सलच्या वर जाते. त्यात चढ असला, ट्रॉली भरलेली असली आणि क्लच झटक्यात सुटला की पुढची चाकं हवेत. तिथून पूर्ण उलटायला साधारण दीड सेकंद लागतो. पाय क्लचवर पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

याहून वाईट प्रकार पावसाळ्यात दिसतो. काळ्या मातीत ट्रॉली रुतते आणि कोणीतरी शहाणा साखळी थेट टॉपलिंकच्या ब्रॅकेटला बांधतो, म्हणे वरून ओढलं की तोंड उचलतं. उचलतं, पण ट्रॅक्टरचं.

दुसरी गोष्ट, लिफ्ट फक्त उचलते, खाली दाबत नाही. दोन चाकी ट्रॉलीतलं शेणखत पुढून आधी ओढून काढलं की वजन मागे जातं आणि दांडी वर उठते. हुक तिला धरून ठेवतो. पट्टी तिच्यासोबत आरामात वर जाते. शिवाय दोन्ही टोकांच्या पिनांवर पट्टी स्वतःभोवती फिरते, ट्रॉलीची पिन तिरपी होते, आणि क्लिप नसेल तर निसटतेसुद्धा. चार चाकी ट्रॉलीचा भार दांडीवर येत नाही, म्हणून तिथे हा त्रास कमी.

तरीही हुक तुटला आहे आणि रिकामी ट्रॉली कोठ्यापासून धुऱ्यापर्यंत सरकवायचीच आहे, तर पट्टी वापरा, पण नीट. पट्टीपासून टॉपलिंकच्या ब्रॅकेटपर्यंत दोन तिरपे स्टे रॉड लावा, म्हणजे पट्टी ना उचलेल ना फिरेल. उंची अ‍ॅक्सलच्या बरीच खाली ठेवा. बाजूच्या साखळ्या ताणा, नाहीतर ट्रॉली शेपटीसारखी डुलते. लिव्हर खाली, गिअर पहिला, मडगार्डवर पोरं बसलेली नकोत. संत्र्यानं भरलेली ट्रॉली अशी नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा विचारही नको.

वेल्डिंगवाल्याकडून अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला चॅनेल जोडून घेणाऱ्यांना तर हात जोडतो. हाउसिंग, म्हणजे त्यावरचं आवरण, बिडाचं असतं. साधं वेल्डिंग त्यावर टिकत नाही, तडा जातो, मग तेल गळतं, आणि सहाशे रुपयांच्या जुगाडापायी पूर्ण हाउसिंग बदलावं लागतं. आधी स्पेअरच्या दुकानात मॉडेल सांगून हुक मागा. सोबत पिन आणि तिची क्लिपही घ्या. स्लॅबची उरलेली सळई कापून पिन म्हणून घालायची नाही, आणि क्लिपच्या जागी खिळा तर मुळीच नाही.