टिटवीसमोर लपायचं कसं

टिटवी ओरडली की खेळ खलास. तुम्ही तळ्यापासून शंभर पावलांवर असता, दुर्बीण अजून बॅगेतच असते, आणि ही बया हवेत उठून सगळ्या गावाला सांगून मोकळी. मग शेकाटे मान ताठ करतात, चक्रांग बदकं पाण्याच्या मध्यात सरकतात आणि तुम्ही पोचेपर्यंत काठावर उरतो तो चिखल आणि पावलांचे ठसे. आमच्या गावाबाहेरच्या पाझर तलावावर दोन हिवाळे हे असंच चाललं. शेवटी आम्ही तिघांनी ठरवलं, लपण बांधायचं.

लपण म्हणजे पक्षी-प्राणी बघायला दडून बसायची जागा. इकडे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला ज्वारी राखायला माळा बांधायची रीत जुनीच आहे, त्यामुळे चार मेढी रोवून वर आडोसा करणं कोणाला नवीन नाही. फरक एवढाच की माळ्यावरचा माणूस पाखरांना दिसलाच पाहिजे आणि लपणातला अजिबात दिसता कामा नये.

पहिला प्रयत्न पार फसला. हिरवी शेडनेट आणली, चार बांबू, एका सकाळी उभं केलं आणि त्याच सकाळी आत जाऊन बसलो. तीन तासात एक टिबुकली दिसली, तीही पलीकडच्या काठाला. तेव्हा वाटलं रंग चुकला असेल. आता कळतं की रंग सोडून बाकी सगळंच चुकलं होतं.

एक तर जाळी वाऱ्यावर फडफडत होती. आपल्या डोळ्यांना सेकंदाला साधारण 60 वेळा उघडझाप करणारा दिवा सलग पेटल्यासारखा दिसतो, पण काही छोट्या पक्ष्यांमध्ये हाच आकडा 100 च्या पुढे जातो, म्हणजे आपल्याला जे नुसतं 'हललं' वाटतं त्यातली एकेक हालचाल त्यांना सुटी सुटी दिसते. त्यात बदकांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मान न वळवता जवळपास चहूकडचं दिसतं, त्यामुळे 'तिकडे बघतंय तोवर पटकन हात हलवून घेऊ' हा हिशोब बदकापुढे चालत नाही. दुसरं म्हणजे सूर्य आमच्या पाठीशी होता. फोटोसाठी ते उत्तमच, पण जाळी पातळ, मागून ऊन, त्यामुळे आम्ही तिघं समोरच्या जाळीवर सावल्यांच्या खेळातल्या बाहुल्यांसारखे दिसत असणार. पक्ष्यांना फुकट सिनेमा.

म्हणून लपणाची सगळ्यात महत्त्वाची भिंत कोणती तर मागची. समोरून तुम्ही दिसता ते खिडकीतून तुमचा चेहरा दिसतो म्हणून कमी, आणि मागच्या फटीतून येणारा उजेड तुमच्या हलण्याने झाकला-उघडला जातो म्हणून जास्त. मागची बाजू आणि छप्पर गच्च बंद असेल, आत काळोख असेल, तर समोर हातभर रुंद आणि वीतभरापेक्षा कमी उंचीची फट ठेवली तरी बाहेरून ती नुसती काळी रेघ दिसते. भर दुपारी कोणाच्या घराच्या उघड्या खिडकीतून आतलं काही दिसत नाही ना, तेच हे.

दुसऱ्या वेळी शेडनेट बाद. मेढी वेड्या बाभळीच्या (ती तोडली म्हणून कोणी रडत नाही), भिंतींना तुराट्यांचा कूड, मागच्या बाजूला आतून दुहेरी गोणपाट आणि वर कडबा. बसल्यावर डोकं छपराला लागेल इतकंच उंच. तुराटी कडक असते, वाऱ्याने फडफडत नाही, आणि आसपासच्या शेतात तिचे ढीग पडलेलेच असतात म्हणून ती कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

रंगाचं थोडं सांगतो, कारण त्यावर लोक फार पैसे घालवतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. चौथ्या प्रकाराने त्यांना जांभळ्याच्याही पलीकडचा, काहींना तर थेट अतिनील प्रकाश दिसतो. म्हणजे आपल्याला 'अगदी पानासारखा' वाटणारा हिरवा रंग त्यांना पानासारखा दिसेलच असं नाही. हरणांचं बरोबर उलटं. त्यांच्याकडे दोनच प्रकार, त्यामुळे लाल-केशरी आणि हिरवा यातला फरक त्यांना फारसा कळत नाही, वाघ केशरी असूनही गवतात खपून जातो तो त्यामुळेच. पण हरणांना निळा चांगला दिसतो, आणि कपडे धुवायच्या पावडरीत शुभ्र चमक यावी म्हणून जे रसायन असतं ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. तेव्हा महागडं पानाफुलांचं छापील जॅकेट घ्यायचं आणि ते असल्या पावडरीत धुवायचं, म्हणजे स्वतःच स्वतःवर बॅटरी मारल्यासारखं. जुना, विटलेला, साध्या पाण्यात खंगाळलेला मातकट शर्ट बरा.

तरी इतकं करूनही पक्ष्यांना तिथे काहीतरी नवीन उभं राहिलंय हे कळतंच. त्यांना फसवता येत नाही, सवय लावता येते. प्राणी पळतो तो सतत हिशोब करून. चरणं सोडून पळण्यात नुकसान किती आणि थांबण्यात धोका किती. ज्या वस्तूने काही दिवसात काहीच त्रास दिला नाही ती हळूहळू हिशोबातून निघून जाते. गायबगळे नांगराच्या ट्रॅक्टरला चिकटून चालतात ते उगाच नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, तिथली चिंकारा हरणं गाडी शांतपणे बघत उभी राहतात, दार उघडून माणूस खाली उतरला की मात्र उड्या मारत गायब. गाडी हे त्यांच्या ओळखीचं, दोन पायांवर उभी राहिलेली आकृतीही ओळखीचीच, फक्त वेगळ्या कारणासाठी. म्हणून आम्ही दुसरं लपण आठवडाभर टप्प्याटप्प्याने उभं केलं, एक दिवस मेढी, दोन दिवसांनी कूड, मग छप्पर, आणि पुढचे चार दिवस तिकडे फिरकलोच नाही.

आत जाण्याची एक जुनी युक्ती आहे. दोघांनी जायचं आणि एकाने बोलत बोलत परत यायचं, पक्ष्यांना वाटतं संकट गेलं. कावळ्यावर मात्र भरवसा ठेवू नका. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की कावळ्याच्या मेंदूत ठरावीक संख्येला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच असतात. आमच्याकडचा एक कावळा युक्तीला बधला नाही, समोरच्या बाभळीवर बसून आमच्या खिडकीकडे बघून ओरडत राहिला. योगायोग असेल, पण मला तरी तो मोजत होता असंच वाटलं.

जागेची दिशा ठरवताना दोन गोष्टींची सांगड घालावी लागते, ऊन आणि वारा. आमचं लपण पूर्वेच्या काठावर, तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीशी. उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे आमचा वास पाण्यापासून दूर मागे जातो आणि संध्याकाळी पाण्यावर येणाऱ्या कोल्ह्याला, लांडग्याला तो लागत नाही. हिवाळ्यात वारा उलटा फिरतो, पण हिवाळ्यात आम्ही बदकं बघायला बसतो आणि बदकं माणसाला वासापेक्षा डोळ्यांनीच ओळखतात. तडजोड आहे, पण परवडते. बुद्ध पौर्णिमेला जंगलात मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात ते वैशाखातच का, हेही इथेच कळतं. बाकी पाणी आटलेलं असतं म्हणून सगळे उरलेल्या पाणवठ्यावर येतात, आणि चंद्र असतो म्हणून ते दिसतात.

अशा आडोशाने काय साधतं याचं आपल्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण अलिबागजवळ किहीमचं. 1930 साली सलीम अली जर्मनीहून शिकून परत आले तर मुंबईतली नोकरी पैशाअभावी गेलेली, म्हणून ते किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर कापडी लपण बांधून ते रोज तासन् तास बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते, मग नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा सुरू करतो दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे घर बांधणारा तो आणि आपण नाव ठेवलं सुगरण! हे रस्त्यावरून जाता जाता बघून कळणारं नव्हतं.

आता जमिनीचं. गायरान किंवा तलावाचा काठ म्हणजे कोणाचाच नाही असं अजिबात नसतं. आम्ही आधी सातबारा बघितला, मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दिला, तलावात मासेमारी करणाऱ्यांना विचारलं, आणि मेंढरं पाण्यावर उतरतात ती वाट सोडून पलीकडे जागा धरली. वनखात्याची जमीन असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय एक खुंटीही ठोकू नये, अभयारण्यात तर नाहीच नाही. सिमेंट, लोखंड काही वापरलं नाही. आणि हे लपण पाखरांपासून लपवायचं, माणसांपासून नाही. रानात आडोसा करून दबून बसलेला माणूस बघितला की गावाला पहिली शंका शिकारीचीच येणार, आणि ती बरोबर आहे. बाहेर पाटी लावली तर पुढच्याच आठवड्यात आत पत्त्यांचा डाव आणि दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. सार्वजनिक जागेवर कुलूप लावता येत नाही. मग आतला बसायचा ओटा काढला आणि छप्पर अजून अर्धा हात खाली घेतलं, तेव्हापासून पत्तेवाले येत नाहीत.

घरट्याजवळ मात्र लपण नकोच. टिटवी उघड्यावर खड्यांमध्ये अंडी घालते, तीही भर उन्हाळ्यात. तेव्हा अंड्यांवर बसणं हे उबेपेक्षा सावलीसाठी असतं, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून ती अंडी गार ठेवते. तुम्ही जवळ बसलात म्हणून ती अर्धा तास उठून ओरडत फिरली तर उन्हात अंडी शिजायची वेळ येते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसवलंय.

एप्रिलमध्ये आमच्या लपणापासून पंधरा पावलांवर टिटवीने अंडी घातली. लपण आधीपासून होतं, ती नंतर आली, पण वाट तिच्या शेजारून जाते. मग आम्ही जाणं बंद केलं. मेच्या शेवटी गेलो तर मागच्या दोन मेढी वाळवीने खाल्लेल्या, छपराचा अर्धा कडबा कोणाच्या तरी म्हशीने फस्त केलेला, आणि टिटवी पिल्लांना घेऊन शंभर पावलांवरून आमच्या नावाने ओरडत होती.