निनावी तक्रार आणि नाव गुप्त ठेवलेली तक्रार

सरकारी कार्यालयातला गैरव्यवहार वर कळवायचा, पण आपलं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही, असं ठरवलं की माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर पत्राखाली ‘एक त्रस्त कर्मचारी’ लिहून मोकळा होतो, नाहीतर नाव-पत्ता देतो आणि ‘कृपया नाव गुप्त ठेवावे’ अशी विनंती करतो. बोलताना दोन्हींना सर्रास ‘निनावी’ म्हटलं जातं. पण निनावी तक्रारीत तुमचं नाव कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ते न फुटण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. गुप्त तक्रारीत नाव एका कार्यालयाला ठाऊक असतं आणि सगळी भिस्त त्या कार्यालयाच्या शिस्तीवर असते. दोन्ही प्रकारांत माणूस उघडा पडू शकतो, पण वेगवेगळ्या ठिकाणी. ती ठिकाणं माहीत नसतील तर दोन्हींचे तोटे पदरात पडतात आणि फायदा एकाचाही मिळत नाही.

हा गोंधळ वर्तमानपत्रांनीही वाढवला आहे. ‘नाव न सांगण्याच्या अटीवर एका अधिकाऱ्याने सांगितले’ हे वाक्य निनावी माहितीचं नाही, गुप्त माहितीचं आहे. बातमीदाराला तो अधिकारी कोण हे पक्कं माहीत असतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात पत्रकारांना माहिती पुरवणारा प्रसिद्ध ‘डीप थ्रोट’ म्हणजे एफबीआय या तपास यंत्रणेतले अधिकारी मार्क फेल्ट. त्यांचं नाव जगाला २००५ मध्ये कळलं, पण ती बातमी देणारे पत्रकार बॉब वुडवर्ड यांना ते १९७२ पासूनच माहीत होतं. नाव तीन दशकं टिकलं कारण ते मोजक्याच माणसांकडे होतं आणि त्यांनी तोंड उघडलं नाही.

आपल्याकडे निनावी अर्जाचं काय होतं ते आधी पाहू, कारण ते लवकर आटपतं. केंद्र सरकारच्या कारभारातल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी आणि टोपणनावाच्या तक्रारींवर कारवाई करू नका असं सांगितलं. २००२ मध्ये थोडी ढील दिली: मजकूर पडताळता येण्याजोगा असेल तर आयोगाच्या संमतीने चौकशी करता येत असे. २५ नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने ती सोय काढून घेतली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तेच पुन्हा बजावलं. म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांत, सार्वजनिक उपक्रमांत किंवा सरकारी बँकांत निनावी अर्ज आला की त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडतो. मजकूर कितीही खरा असो. यामागचं कारण अगदीच चुकीचं नाही. बढतीची यादी निघायची वेळ आली की निनावी अर्जांचा पाऊस पडतो आणि चौकशी प्रलंबित असल्याच्या नावाखाली चांगल्या माणसाची बढती अडकते. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, हेही तितकंच खरं.

यावर काही जण दुसऱ्याचंच नाव-पत्ता घालतात. आयोग तक्रारदाराला पत्र पाठवून ‘ही तक्रार तुमचीच ना?’ असं विचारतो. ते पत्र त्या बिचाऱ्याच्या घरी जातं, तो ‘माझी नाही’ म्हणतो आणि तक्रार टोपणनावाची ठरून बंद होते. शिवाय एक निष्पाप माणूस कारण नसताना संशयात येतो.

मग निनावी माहितीला अर्थ कुठे? जिथे कागद स्वतःच बोलतो आणि घेणाऱ्याला नावाची गरज नसते तिथे, मुख्यतः पत्रकारांकडे. पण कागद बोलतो तो तुमच्याबद्दलही. अमेरिकेतलं रिॲलिटी विनर हिचं प्रकरण यासाठी नीट समजून घेण्यासारखं आहे. गुप्तचर खात्याच्या कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या या तरुणीने २०१७ मध्ये एक गोपनीय अहवाल छापून टपालाने एका वृत्तसंस्थेला पाठवला. पाठवणारं कोण हे वृत्तसंस्थेलाही माहीत नव्हतं, म्हणजे प्रकार शुद्ध निनावी. वृत्तसंस्थेने खरेपणा तपासण्यासाठी त्याची प्रत सरकारलाच दाखवली. कागदावर घडीच्या खुणा दिसल्या, म्हणजे कोणीतरी तो छापून हाताने बाहेर नेला होता. यंत्रणेतली नोंद पाहिली तर तो अहवाल सहा जणांनी छापला होता, आणि त्या सहांपैकी एकीनेच कार्यालयातल्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेलने संपर्क केलेला होता. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. रंगीत प्रिंटर कागदावर उमटवतात त्या बारीक पिवळ्या ठिपक्यांची नंतर खूप चर्चा झाली, पण अटकेच्या वेळच्या शपथपत्रात घडी, छपाईची नोंद आणि ईमेल एवढंच होतं.

आपल्या ई-ऑफिसमध्येही, म्हणजे सरकारी फायलींच्या संगणकीय व्यवस्थेत, नस्ती (फाइल) कोणाकडून कोणाकडे कधी गेली याची नोंद राहते. मोबाइलने काढलेल्या फोटोत वेळ, फोनचं मॉडेल आणि कधी कधी ठिकाणही असतं. वर्डच्या फायलीत ती बनवणाऱ्याचं नाव असतं. सिमकार्ड ओळखपत्रावर मिळतं, तेव्हा स्वतःच्या नंबरवरून केलेला फोन निनावी नसतोच. हे सगळं सांभाळलं तरी एक प्रश्न उरतो: ही माहिती मुळात किती जणांकडे होती? चाळीस जणांकडे असेल तर निनावी राहता येतं. तिघांकडे असेल तर कागद कसाही पाठवा, साहेब दुपारपर्यंत नाव काढतात.

आता गुप्त तक्रार. तिचा कायदेशीर मार्ग तयार झाला त्यामागे सत्येंद्र दुबे हे नाव आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे हे अभियंते झारखंडमध्ये सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होते. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी कामातल्या गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरलं आणि नावही सोबत फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयामध्ये त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लुटीतून झाल्याचं निष्पन्न झालं आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. खुनाचं कारण काहीही असो, नाव फुटलं होतं ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. विनंती लेखी होती, पण ती पाळायला कोणीही नियमाने बांधलेलं नव्हतं.

त्यानंतर २१ एप्रिल २००४ ला केंद्र सरकारने जो ठराव काढला त्याला सरकारी भाषेत ‘पीआयडीपीआय’ (जनहितासाठी माहिती उघड करणं आणि ती देणाऱ्याचं संरक्षण) म्हणतात. याच्याखाली तक्रार घ्यायचा अधिकार केंद्रीय दक्षता आयोगाला आहे. २०१३ पासून मंत्रालयांच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्यांनाही तो दिला आहे. तक्रार करायची पद्धत साधी आहे, मात्र तिच्यातला प्रत्येक तपशील पाळावा लागतो.

पत्र बंद पाकिटात घालायचं. पाकीट आयोगाच्या सचिवांच्या नावे, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ या पत्त्यावर पाठवायचं. पाकिटावर ‘पीआयडीपीआय’ किंवा ठरावाखालची तक्रार असल्याचं ठळक लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर घालायचं नाही. टपाल कार्यालयाने अशा पाकिटावर प्रेषकाच्या नावाचा आग्रह धरू नये अशा सूचना आहेत. खिडकीवरच्या माणसाला त्या माहीत नसतील तर सांगाव्या लागतात. नाव-पत्ता आत, पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर द्यायचा. नाव न देणं इथे जास्त सुरक्षित नाही. नाव नसेल तर तक्रार निनावी ठरून वर सांगितल्याप्रमाणे दप्तरी दाखल होते. आणि पाकिटावरची अक्षरं विसरलात तर तक्रार साधी धरली जाते, म्हणजे नाव राखण्याचं बंधन राहत नाही. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण पत्रात नाव तर असतंच.

पत्ता घरचा द्यावा. खातरजमेचं पत्र त्यावरच येतं, आणि कार्यालयाचा पत्ता दिला तर ते आधी आवक-जावक लिपिकाच्या हाती पडतं. त्या पत्राला मुदतीत उत्तर द्यायचं: तक्रार माझीच आहे आणि ती दुसरीकडे कुठेही केलेली नाही. बहुतेक जण इथेच अडकतात. आपल्याला सवय असते ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दहा कार्यालयांना पाठवायची. एकदा प्रती वाटल्या की आयोगाकडे राखण्यासारखं गुपितच उरत नाही. पोचपावतीही मिळत नाही, आणि ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं पुन्हा पुन्हा लिहायचं नसतं. जितका पत्रव्यवहार जास्त तितके हात जास्त.

मजकूर लिहिणं हे खरं कसबाचं काम. ठराव एकाच वेळी दोन गोष्टी मागतो: माहिती नेमकी आणि पडताळता येण्याजोगी हवी, पण तिच्यातून तक्रारदार ओळखता येता कामा नये. ‘मोजमाप पुस्तिकेतल्या खोट्या नोंदीला मी दोनदा लेखी हरकत घेतली, तरी देयक काढलं’ हे वाक्य खरं असेल, पण हरकत कोणी घेतली हे त्याच नस्तीत आहे. नाव झाकून पत्र पुढे गेलं तरी पहिलं वाक्य वाचताच माणूस कळतो. त्याऐवजी लिहावं: ‘अमुक क्रमांकाच्या मोजमाप पुस्तिकेत अमुक पानावर खडीच्या थराची जाडी १५ सेंटिमीटर दाखवली आहे. साखळी क्रमांक अमुक ते अमुक या दरम्यान खोदून मोजावी.’ (मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवण्याची वही, साखळी क्रमांक म्हणजे रस्त्यावरचं अंतर सांगणारा आकडा.) यात राग दिसत नाही, तक्रारदार दिसत नाही, आणि चौकशी अधिकाऱ्याला सोमवारी सकाळी काय करायचं ते कळतं. आपल्या बदलीची, गोपनीय अहवालाची किंवा रखडलेल्या वेतनवाढीची कैफियत त्यात मिसळू नये. ती ओळख देते आणि तक्रार वैयक्तिक रागातून आल्याचं म्हणायला जागाही करून देते.

जोडपत्रांतही फास असतो. माहिती अधिकारात मिळवलेल्या प्रती जोडल्या तर त्या कोणाच्या अर्जावर दिल्या याची नोंद त्याच कार्यालयात असते, बरेचदा प्रतीवरच्या शिक्क्याजवळच. तक्रार गेल्यावर ‘चौकशी कुठवर आली’ असा माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या नावाने टाकणं म्हणजे हात वर करून ‘मीच तो’ सांगणं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(छ) कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख द्यायला नकार देण्याची मुभा देतं, पण ते अर्जदार म्हणून तुमचं स्वतःचं नाव लपवत नाही.

नाव फुटलंच तर? इथे मात्र गुप्त तक्रारीचं पारडं निर्विवाद जड आहे. छळ सुरू झाला तर आयोगाकडे दाद मागता येते, कारण तक्रार तुमची आहे हे आयोगाच्याच कपाटात लिहिलेलं असतं. निनावी अर्ज करणाऱ्याला आधी ‘तो अर्ज माझा’ हे सिद्ध करावं लागेल, म्हणजे जे लपवलं तेच उघड करावं लागेल. पण या संरक्षणाला मर्यादाही आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला. त्यात ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजारांपर्यंत दंड. मात्र तो कायदा लागूच केलेला नाही. त्यामुळे आज जे काही आहे ते ठरावाच्या बळावर, आणि ठराव मोडणाऱ्याला तुरुंगात घालता येत नाही. त्या कायद्यातही निनावी तक्रारीला स्थान नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

निनावी आणि गुप्त या दोन्हींच्या मधली एक वाट शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने काढली आहे. शेअर बाजारातल्या आतल्या माहितीच्या गैरवापराची खबर डिसेंबर २०१९ पासून वकिलामार्फत देता येते. वकील खबर देणाऱ्याची ओळख तपासतो, अर्जातलं नाव काढून तो सेबीकडे देतो. बक्षीस घ्यायची वेळ आली की मगच नाव सांगावं लागतं. इतर सरकारी खात्यांच्या तक्रारींना ही सोय का नसावी, हा प्रश्न कोणीतरी जोरात विचारायला हवा.

राहिलं राज्य सरकार. पीआयडीपीआय राज्याच्या कर्मचाऱ्यांना आणि महामंडळांना लागू नाही, त्यामुळे जिल्हा परिषद किंवा महापालिकेतली तक्रार दिल्लीला पाठवून उपयोग नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. पण लाच मागितल्याची तक्रार करून सापळा लावायचा, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडायचं असेल तर गुप्ततेची आशा सोडावी: नोटांना पावडर लावताना पंचांसमोर तक्रारदार हजर असतो, दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते आणि खटल्यात तक्रारदारालाच साक्ष द्यावी लागते. बेहिशेबी मालमत्तेची माहिती द्यायची असेल तर तसं नसतं. सातबारा उतारे, खरेदीखतांची सूची क्रमांक दोन (दस्त नोंदणीचा उतारा), वाहनांची नोंदणी असे कागद स्वतःच बोलतात. विभाग आधी गोपनीय चौकशी करतो, आणि गट क्रमांक, दस्त क्रमांक, तारखा नीट दिल्या असतील तर माहिती देणाऱ्याला साक्षीला उभं करायची गरज सहसा पडत नाही.