मेलाटोनिन आणि छिन्नमनस्कता

पिनियल ग्रंथीत (तृतीय नेत्र पिंडात) रात्री स्रवणाऱ्या मेलाटोनिन या हॉर्मोनाचा छिन्नमनस्कतेशी (स्किझोफ्रेनिया या मनोविकाराशी) असलेला संबंध व त्या विकारातील त्याचा औषधी उपयोग. हे हॉर्मोन १९५८ मध्ये येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर व सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळे केले. मात्र या ग्रंथीचा मनोविकाराशी जोडलेला धागा त्याहून जुना आहे. पिनियल अर्काने बेडूकमाशांची कातडी फिकी पडते, हे मॅकॉर्ड व ॲलन यांनी १९१७ मध्ये दाखवले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून असे अर्क मनोरुग्णांनाही टोचून पाहण्यात आले. त्यांपैकी अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मार्क आल्टश्युल यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग विशेष उद्धृत होतात. काही रुग्णांत सुधारणा झाल्याचे त्यांनी नोंदवले, पण त्या अर्कांत मेलाटोनिन कितपत होते याबद्दल शंकेस जागा आहे. त्यामुळे मेलाटोनिन-उपचाराचा आरंभ येथून धरणे योग्य वाटत नाही.

मेलाटोनिन कमी पडते म्हणून विकार होतो की त्याचे विकृत चयापचय होते म्हणून, हा वाद १९६० नंतर रंगला. मॅकआयझॅक यांनी १९६१ मध्ये असे सुचवले, की चयापचय बिघडल्यास मेलाटोनिनपासून १०-मेथॉक्सीहार्मालान हे भ्रमकारक संयुग तयार होत असावे. कल्पना आकर्षक होती, परंतु रुग्णांच्या शरीरात हे संयुग विकार घडवण्याइतके तयार होते असा पुरावा पुढे आला नाही व ती मागे पडली. न्यूनतेच्या मताला मात्र प्रत्यक्ष मोजमापाचा आधार मिळाला. फेरियर, ॲरेंट, जॉनस्टन व क्रो यांना १९८२ मध्ये दीर्घकालीन रुग्णांत रात्रीचा स्राव कमी आढळला. मॉन्टेलिओने व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये औषधे न घेणाऱ्या संशयप्रधान (पॅरानॉइड) रुग्णांतही तेच पाहिले, म्हणजे सगळा दोष औषधांवर टाकता येत नाही. पुढे क्लोझापिन हे मनोविकारविरोधी औषध देऊनही ही पातळी पूर्ववत झाली नाही. शिवाय मेंदूच्या अधश्चेतकातील (हायपोथॅलॅमसमधील) डोपामाइन या संदेशवाहक रसायनाच्या स्रावाला मेलाटोनिन आवर घालते असे उंदरांच्या ऊतींवर दिसले होते (१९८२), त्यामुळे डोपामाइन-सिद्धांताशीही (डोपामाइनच्या अतिक्रियेने हा विकार होतो या मताशी) सांगड घालता येऊ लागली.

या आकड्यांवर विसंबताना सावधगिरी हवी. पिनियलला रात्र झाल्याचा निरोप डोळ्यातील दृक्पटलाकडून अधश्चेतकातील घड्याळ व मानेतील अनुकंपी गुच्छिका (चेतापेशींचा पुंजका) यांमार्गे मिळतो. रात्री रक्त घेण्यासाठी वॉर्डातला प्रखर दिवा लावला तरी स्राव दबतो. म्हणून नमुने मंद प्रकाशात घ्यावे लागतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबावरील औषधे स्राव घटवतात. धूम्रपानाने यकृतातील मेलाटोनिन नष्ट करणारे एन्झाइम (सीवायपी१ए२) वाढते, आणि या रुग्णांत विडी-सिगारेटचे प्रमाण मोठे असते. अलीकडे म्हणून पातळीपेक्षा लय महत्त्वाची मानण्याकडे कल आहे व तो अधिक ग्राह्य दिसतो. वुल्फ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २० रुग्णांच्या मनगटावर हालचालमापक बांधून, ठरावीक वेळांनी लघवीतील मेलाटोनिनचे चयापचयज (शरीरात त्याचे रूपांतर होऊन बनणारा पदार्थ) मोजले. निम्म्या रुग्णांची झोप दिवसरात्रीच्या चक्राशी जुळत नव्हती. तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोकही बेरोजगारच होते, त्यामुळे ‘काम नाही म्हणून उशिरा उठतात’ हे नेहमीचे स्पष्टीकरण पुरत नाही.

उपचारात मेलाटोनिन मनोविकारविरोधी औषधांच्या जोडीला, मुख्यतः निद्रानाशासाठी दिले जाते. भ्रम वा संशय घालवणारे औषध म्हणून नव्हे. इस्राएलमधील शमीर व सहकाऱ्यांच्या चाचणीत (२०००) सावकाश सुटणाऱ्या २ मि.ग्रॅ. गोळीने झोपेचा दर्जा सुधारला. सुरेश कुमार, अंद्राडे व इतर भारतीय संशोधकांनी २००७ मध्ये ४० बाह्यरुग्णांना ३ ते १२ मि.ग्रॅ. देऊन केलेल्या दुहेरी अंध (कोणाला खरे औषध दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीचा निष्कर्षही अनुकूल होता. डेन्मार्कमध्ये मात्र बेन्झोडायझेपिने (सवय लागणारी झोपेची व शामक औषधे) सोडवण्यास त्याची मदत झाली नाही (२०१६). ओलान्झापिन या मनोविकारविरोधी औषधामुळे वाढणारे वजन रोखण्याबाबत इराणमधील एका छोट्या चाचणीचे (२०१४) निकाल आशादायक होते.

दीर्घकाळ औषधे घेतल्यावर तोंड, जीभ व हातपाय आपोआप हलू लागण्याच्या विकारावर (टार्डिव्ह डिस्कायनेशिया) परस्परविरोधी निष्कर्ष आहेत. शमीर यांच्या गटाला २ मि.ग्रॅ. मात्रेने लाभ दिसला नव्हता. २००१ मध्ये २२ रुग्णांना ६ आठवडे रोज १० मि.ग्रॅ. दिल्यावर हालचाली घटल्या. २० मि.ग्रॅ. देऊन झालेल्या नंतरच्या एका छोट्या चाचणीत गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही, तेव्हा मात्रा वाढवली की गुण येतो असेही म्हणता येत नाही. फ्लुव्हॉक्सामीन हे नैराश्यविरोधी औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात मेलाटोनिन बरेच साचते. ही औषधे एकत्र देताना मात्रा जपून ठरवावी लागते.