कॅडमधले जॉमेट्री एरर

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर पार्ट डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फिलेट (कड गोल करणं) फेल होणं, शेल (पार्ट आतून पोकळ करून ठरावीक जाडीची भिंत ठेवणं) न लागणं, इम्पोर्ट केलेला पार्ट सॉलिड न येता सुट्या पत्र्यांसारखा येणं, या सगळ्याला ढोबळमानाने जॉमेट्री एरर म्हणतात. यातली खरी मेख अशी की सॉफ्टवेअर ज्या फीचरवर (मॉडेल बनवायच्या पायरीवर) बोंबलतं तिथे दोष असेलच असं नाही, बऱ्याचदा तो चार-पाच फीचर आधीच घुसलेला असतो आणि तोपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

कॅडमधलं सॉलिड आतून भरीव वगैरे नसतं. फेस (बाजू), एज (कडा) आणि व्हर्टेक्स (कोपरे) यांची ती बंद पिशवी असते आणि कोण कोणाला चिकटलंय याची नोंद वेगळी ठेवलेली असते. साधा घन घेतला तर ८ व्हर्टेक्स, १२ एज, ६ फेस, आणि ८ − १२ + ६ = २ हे जमलंच पाहिजे. प्रत्येक एजला बरोबर दोन फेस हवेत. एकच असेल तर ती ओपन एज, म्हणजे पिशवीला भोक. दोन ठोकळे फक्त एका कडेवर टेकले तर त्या कडेला चार फेस येतात, याला नॉन-मॅनिफोल्ड म्हणतात, सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर इथे झिरो थिकनेसची, म्हणजे शून्य जाडीची, तक्रार करतं. एक ठोकळा ०.१ मिमी सरकवला की प्रश्न मिटतो.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा. दोन वाकड्या सरफेस जिथे छेदतात ती रेषा बहुतेक वेळा अंदाजेच काढलेली असते, मग किती अंदाज चालेल ते प्रत्येक कर्नल (कॅडच्या आतलं भूमितीचं इंजिन) आपापलं ठरवतो. पॅरासॉलिड या कर्नलची नेहमीची अचूकता ०.००००१ मिमी आहे, त्यामुळे ०.०१ मिमीवर जोडलेलं मॉडेल तिथे आणलं की जोड उसवल्यासारखे दिसतात, आणि ज्याने पाठवलं तो म्हणतो माझ्याकडे तर नीट उघडतंय, दोघंही खरंच बोलत असतात. आयजेस हा १९८० चा जुना फॉरमॅट, त्यात बरेचदा सुट्या ट्रिम केलेल्या सरफेसच येतात, म्हणून शक्यतो स्टेप फाइलच मागवावी, त्यात फेस कुठे जोडलेत ते तर असतंच, वर अचूकताही लिहिलेली असते.

शेलचं गणित सोपं आहे. बाहेरच्या कडेला २ मिमीचं फिलेट आणि आत शेल ३ मिमीचं, तर आतली त्रिज्या २ − ३ = −१, म्हणजे सरफेस स्वतःलाच ओलांडून उलटी होते. साधं फिलेट असेल तर कर्नल कधीकधी तो फेसच गाळून सांभाळून घेतो, फ्रीफॉर्म सरफेस असली की मात्र हात वर करतो.

दोष शोधायचा तर रोलबॅक बार (फीचरच्या यादीत मागे जायची पट्टी) वर वर सरकवत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर चेक चालवायचा, कुठे पहिल्यांदा खोट दिसते ते बघायचं. रायनो या सॉफ्टवेअरमध्ये ओपन एज बघायला शोएजेस ही कमांड आहे. केसासारखा बारीक स्लिव्हर फेस सापडला तर तो दुरुस्त करत बसू नये, आजूबाजूचे दोन-तीन फेस उडवून तिथे एक मोठी सरफेस नव्याने बसवावी. आणि सुट्या सरफेस एकमेकींना शिवताना टॉलरन्स ०.५ मिमी करून सगळं एकदम हिरवं करायचा मोह होतो, मीही केलंय, पण ०.३ मिमीच्या खऱ्या कडा त्यात गिळल्या जातात आणि पुढचं बूलियन (सॉलिड एकमेकांत मिळवणं किंवा वजा करणं) पुन्हा आपटतं. शेवटी व्हॉल्यूम काढून बघावा, निगेटिव्ह आला तर बहुधा नॉर्मल (फेसची बाहेरची बाजू दाखवणारे बाण) आतल्या बाजूला वळलेत.