रात्री अडीचला संडास किती पावलांवर?

एकोणसत्तर. ही माझी पावलं झाली. सात वर्षांच्या पोराची मोजली तर शंभरावर जातील.

मी महिन्यातून एकदा एका बालगृहात मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवायला जातो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मनापासून काम करणारी आहेत आणि माझी तक्रार आहे ती इमारतीच्या नकाशाबद्दल. निजायच्या हॉलमधल्या मधल्या खाटेपासून संडासापर्यंत मी एकदा चालत गेलो. हॉलचं दार, व्हरांडा, तीन पायऱ्या, उघडं अंगण आणि शेवटी पाण्याच्या टाकीला वळसा. अंगणात दिवा आहे, पण टाकीच्या पलीकडे. म्हणजे जायची वाट नेमकी टाकीच्या सावलीत. पावलं मोजायची बुद्धी झाली ती सकाळी दोरीवर दिसलेल्या चार चादरींमुळे. दोरी फाटकासमोरच बांधलेली. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात मार्करने नंबर. शाळेला निघालेली सगळी पोरं त्या दोरीखालून जातात आणि आज कोणाचा नंबर लागलाय ते वाचत जातात.

सात वर्षांच्या मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलं झोपेत अंथरूण ओलं करतात. आईवडिलांच्या कुशीत झोपणारीसुद्धा. रात्री मूत्रपिंडांना काम हळू करायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक काही मुलांत पुरेसं येत नाही, काहींचं मूत्राशय लहान पडतं, काहींची झोप इतकी गाढ असते की भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. वय वाढलं की बहुतेकांचं आपोआप थांबतं. मनावर ताण असला की थांबलेलं पुन्हा सुरूही होतं, आणि बालगृहात येणारं मूल ताण सोबत घेऊनच येतं. हे झालं शरीराचं. पण तिथे एक असाही गट आहे जो जागा होतो, अंधाराकडे बघतो आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतो. त्या पोरांच्या चादरी नकाशाच्या खात्यावर मांडायला हव्यात.

बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमावलीत ५० मुलांच्या संस्थेसाठी जागेचा तक्ता आहे. प्रत्येकी २५ मुलांची, १००० चौरस फुटांची दोन शयनगृहं. ८०० चौरस फुटांचं जेवणघर. ५ न्हाणीघरं, ८ संडास. वाचनालय, आजारी मुलांची खोली, समुपदेशनाची खोली. झोपायला दर मुलामागे ४० चौरस फूट. तक्ता असणं चांगलंच, नाहीतर कोंडवाडे झाले असते. पण आठही संडास अंगणापलीकडे एका रांगेत बांधा किंवा झोपायच्या जागेला लागून दोन-दोन विभागून द्या, तक्त्याच्या लेखी दोन्ही पास. त्यात क्षेत्रफळ विचारलंय, अंतर कुठेच विचारलेलं नाही.

अंतराचा विचार करून बांधलेलं अनाथालय पाहायचं तर ॲमस्टरडॅमला जावं लागतं. तिथलं जुनं महापालिका अनाथालय शहराच्या मध्यभागी होतं, मुलांचा चौक वेगळा, मुलींचा वेगळा. मुलांच्या चौकात भिंतीत लाकडी दारांची छोटी छोटी फडताळं होती, पोरांना आपल्या वस्तू ठेवायला. एवढ्या मोठ्या वास्तूत ‘माझं’ म्हणायला तेवढा एक खण. १९६० मध्ये मुलं शहराच्या दक्षिण टोकाला, ऑलिम्पिक स्टेडियमजवळच्या नव्या इमारतीत गेली. ती बांधली आल्डो व्हान आयक या वास्तुकाराने. तोवर त्याचं खरं नाव झालं होतं खेळाच्या जागांसाठी. महायुद्धानंतर शहरात पडून राहिलेल्या तुकड्यांवर, दोन घरांमधल्या मोकळ्या खाचेत, चौकाच्या कोपऱ्यात तो वाळूचे हौद आणि लोखंडी कमानी बसवत होता. पहिली जागा १९४७ सालची. पुढच्या तीस वर्षांत त्या सातशेच्या वर गेल्या.

अनाथालयात १२५ मुलं राहायची होती, काही महिन्यांच्या तान्ह्यांपासून वीस वर्षांच्यांपर्यंत. व्हान आयकने एक भलामोठा वाडा बांधला नाही, आणि सुटे बंगलेही बांधले नाहीत. वयोगटांप्रमाणे आठ घरं केली, म्हणजे एका घरात सरासरी पंधरा-सोळा मुलं, आणि ती घरं एका आतल्या गल्लीने नागमोडी जोडली. सगळी इमारत ३.३६ मीटरच्या चौकोनांत बसवलेली. प्रत्येक चौकोनावर सिमेंटचा छोटा घुमट, असे तीनशेच्या वर. प्रत्येक घराच्या मुख्य दालनावर मात्र तिप्पट रुंदीचा एक मोठा घुमट. मूल आत शिरलं की मोठ्या घुमटाखाली आपण सगळ्यांत आहोत हे कळतं, आणि चार पावलं बाजूला सरकलं की छोट्या घुमटाखाली आपलं आपण.

मला त्यातली आतली गल्ली सगळ्यात आवडते. तिच्या भिंती बाहेरच्यासारख्याच विटांच्या आणि दिवे रस्त्यावरच्या दिव्यांसारखे. ती छपराखाली आहे, तरी रस्त्यासारखीच वाटते. त्यामुळे तान्ह्यांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जायचं म्हणजे ‘बाहेर जाऊन शेजारी’ जाणं होतं. आपल्याकडे जुन्या घरांत हे काम ओटा, पडवी आणि ओसरी करायची. फाटकातून आलेला माणूस एकदम माजघरात पोचत नसे. टप्प्याटप्प्याने आत यायचा. कालपर्यंत स्टेशनवर झोपलेल्या मुलाला आज संध्याकाळी पोलिसांसोबत गाडीतून उतरवून थेट पंचवीस खाटांच्या हॉलमध्ये उभं करणं आणि आधी ओट्यावर बसवून पाणी देणं, यात किती फरक पडतो ते मावशींना विचारा. (बालगृहात काळजीवाहक हा शब्द फक्त हजेरीपत्रकावर असतो. हाक मावशीच.)

ॲमस्टरडॅमच्या त्या इमारतीत जमिनीत खोलगट गोल बसायच्या जागा आहेत, कमी उंचीच्या बसक्या भिंती आहेत, सिमेंटमध्ये बसवलेले इवले आरसे आहेत, तेही रांगणाऱ्याला आणि धावणाऱ्याला दिसतील असे. मोठ्या माणसाला ते दिसतही नाहीत बहुधा.

आता जेवणघर. आमच्या बालगृहात जेवणाच्या वेळी मी एकदा पाहुणा होतो आणि शेजारच्या पोराने काय मागितलं ते मला तीनदा विचारावं लागलं. पुढच्या महिन्यात प्रयोगच केला. रिकाम्या जेवणघरात फुगा फोडायचा आणि आवाज मोबाइलवर टिपायचा. फुगा फोडायला अर्थातच सगळे तयार. ‘फट्’ विरायला, म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा लाखाव्या हिश्श्यावर यायला, जवळपास तीन सेकंद लागले.

हा हिशोब वॉलेस सेबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने बसवलेला. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात शब्दावर शब्द चढत होते, ते दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे आलं. तो रात्री, शहर शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि घड्याळ लावून आवाज विरायची वेळ मोजायचा. त्याला सापडलेलं सूत्र हातावर मांडता येतं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले खोलीची ध्वनी शोषायची ताकद. ताकदीचं माप म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही. ८०० चौरस फूट आणि १० फूट उंच जेवणघर म्हणजे २२६ घनमीटर. गुणाकार ३६ च्या आसपास. गिलावा, फरशी आणि स्लॅब जवळपास काहीच शोषत नाहीत. उघड्या खिडक्या धरून ताकद जेमतेम १२. भागाकार तीन. फुग्याने तेच सांगितलं होतं.

पन्नास पोरं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं थोडं शोषतात, वेळ सव्वा-दीड सेकंदावर येते. वर्गखोलीसाठी ०.६ सेकंद ही चांगली मर्यादा मानतात. वरून आणखी एक गोष्ट घडते. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. याला लोंबार परिणाम म्हणतात, एका फ्रेंच कानतज्ज्ञाच्या नावावरून. सगळे चढवतात, म्हणून गोंगाट वाढतो, म्हणून सगळे आणखी चढवतात. शेवटी सर टेबलावर वाटी आपटतात. ज्या मुलाच्या घरी ओरडण्यानंतर मार यायचा, ते मूल त्या क्षणी जेवण थांबवून दाराकडे बघतं. मी पाहिलंय. छताच्या निम्म्या भागाला काथ्याचे जाड पॅनेल किंवा जुन्या गोधड्यांची झालर लावली तर पोरं बसलेली असताना वेळ पाऊण सेकंदाच्या आसपास उतरेल. खर्च फार नाही. शिस्तीच्या व्याख्यानापेक्षा स्वस्त पडतो.

लपायच्या जागेचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे. जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक कल्पना मांडली: माणसाला अशी जागा आवडते जिथून आपल्याला समोरचं दिसतं, पण आपण चटकन दिसत नाही. शेतातल्या माचाणावर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. घाबरलेल्या मुलाला तर तशी जागा हवीच. पाठीशी भिंत, समोर उजेड. पण बालगृहात आडोसा म्हणजे धोकाही. मोठी मुलं लहानांना छळतात, कधी मोठी माणसंही, आणि ते आडोशालाच. म्हणून अधीक्षक सगळे कोपरे मोकळे करून टाकतात, कपाटं भिंतीला चिकटवतात आणि हॉलचं रेल्वे फलाट होतं.

यातून वाट भूमितीत आहे. तीन फूट उंचीची आडवी भिंत घ्या. तिच्यामागे मांडी घालून बसलेलं आठ वर्षांचं पोर, खाली बसून खेळणाऱ्या बाकीच्यांना दिसत नाही. उभ्या मावशींचे डोळे जवळजवळ पाच फुटांवर. त्यांची नजर भिंतीवरून पलीकडे उतरते आणि त्यांना सगळं दिसतं. कोपऱ्याला दार नको, कडी तर नकोच, आणि एक बाजू कायम उघडी. तशा चार भिंतींनी पंचवीस खाटांचे पाच-पाचचे गट पाडता येतात. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक कोनाडा आणि एक खुंटी द्यावी. कोनाड्यात काय ठेवायचं ते पोर ठरवेल; एकाने सायकलची तुटकी घंटी ठेवलेली मला ठाऊक आहे, आधी ती गादीखाली असायची.

रात्रीच्या दिव्याबद्दल थोडक्यात. ट्यूबलाइट रात्रभर जळत ठेवायची पद्धत मावशींच्या सोयीची आहे, पण पांढऱ्या उजेडातला निळसर भाग मेंदूला ‘दिवस आहे’ असं सांगतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. लहान मुलांची बाहुली मोठी आणि डोळ्याचं भिंग स्वच्छ, त्यामुळे त्यांना हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त. गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीकडे तोंड केलेले पिवळसर छोटे दिवे, आणि तेही संडासाच्या वाटेवर लावले की काम भागतं.

अंगणात लोक पहिल्यांदा घसरगुंडी बसवतात, देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला सोपी म्हणून. घसरगुंडीवर एका वेळी एकच पोर आणि एकच खेळ. व्हान आयकच्या वाळूच्या हौदाचा काठ रुंद होता; त्यावर बसता येतं, चालता येतं, भांडता येतं, दुकान मांडता येतं. आपल्याकडे कडुनिंबाभोवतीचा पार हेच करतो. त्याला एक ट्रॅक्टर वाळू, काही फळ्या, जुने टायर आणि नळाची तोटी जोडली की मग मोठ्या माणसाने तिथून जावं.

एवढं सगळं करूनही एक निकाल विसरता येत नाही. रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, सहा अनाथालयांतली १३६ लहानगी निवडून चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली. निम्मी पालक-कुटुंबांत, म्हणजे त्यांना सांभाळायला तयार झालेल्या घरांत गेली, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू राहिलं. साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक पाहिला: संस्थेतल्या गटाचा सरासरी ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांचा १०९. वयाच्या दोन वर्षांच्या आत अशा घरी गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. म्हणजे तान्ह्यांसाठी उत्तम इमारत कोणती, याचं उत्तर कोणाचं तरी घर असंच येतं. ऑस्ट्रियातल्या इम्स्टला १९४९ मध्ये हेर्मान ग्माइनरने बालग्राम काढलं तेही याच ओढीने, एका आईच्या हाताखाली एक घर. त्या साखळीतलं एक पुण्यात येरवड्याला आहे. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेचा हेतूही मूल कुटुंबात ठेवण्याचाच. व्हान आयकच्या इमारतीतली मुलंही यथावकाश तिथून निघून गेली. १९८७ च्या सुमारास ती इमारत पाडायला निघाली होती, तेव्हा हेर्मान हर्ट्सबर्गर या वास्तुकाराने जगभरातून आवाज उठवून ती वाचवली. पुढे तिथे वास्तुकलेची संस्था आली, मग कार्यालयं.

पण जी मुलं आज रात्री इथे झोपणार आहेत त्यांचं काय, म्हणून मी त्या चादरींचा विषय अधीक्षकांकडे काढला होता. सर थोडे रागावले, मग कागद मागून घेतला. पहिल्या आठवड्यात दोरी इमारतीच्या मागे गेली. दाराशी एक पत्र्याचं कपाट आलं, त्यात धुतलेल्या चादरी, खाली बादली; रात्री कोणाला न उठवता पोराने ओली टाकायची, कोरडी घ्यायची. नंबर आता उलट्या बाजूला. दोन संडास व्हरांड्याच्या टोकाला बांधायला घेतलेत. मागच्या खेपेला पाया खणलेला होता आणि चुन्याने दाराची जागा आखली होती. मी मधल्या खाटेपासून चालत आलो. अकरा. एक पोर माझ्या मागोमाग मोठ्याने मोजत आलं. त्याची सतरा झाली.