लिनक्स मिंट: ओळखीचा मेनू आणि ‘स्नॅप’चा वाद

विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात काढायचा नाही म्हणून तेव्हापासून बरेच जण लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळत आहेत. तळाशी पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ; पहिल्याच दिवशी माणूस रुळतो.

हे आपसूक झालेले नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या मिंटचा पाया लवकरच उबंटू ही दुसरी लिनक्स प्रणाली झाली. मात्र २०११ मध्ये उबंटूने युनिटी हा नवा डेस्कटॉप (मेनू, पट्टी असे पडद्यावरचे रूप) आणला, त्याच सुमारास ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि सवयीचा मेनू दोन्हीकडून गेला. मिंटने तो सोडला नाही. मे २०१२च्या मिंट १३मध्ये स्वतःचा सिनॅमन आणि जुन्या ग्नोम २चा वारस माटे, असे दोन्ही डेस्कटॉप दिले.

नवशिक्या खरा अडखळतो तो पुढे. उबंटूसाठी लिहिलेली सूचना वाचून तो स्नॅप या उबंटूच्या ॲप बसवण्याच्या पद्धतीने एखादे ॲप घालायला जातो आणि मिंट नकार देते. ‘मिंटमध्ये स्नॅपवर बंदी आहे’ असे सर्रास सांगितले जाते, पण बंदी हा शब्द चुकीचा आहे.

घडले ते असे. उबंटू २०.०४मध्ये क्रोमियम ब्राउझर ॲप्ट या ॲप बसवणाऱ्या नेहमीच्या साधनाच्या आज्ञेने मागितला, तर येणाऱ्या पॅकेजमध्ये ब्राउझर नसायचाच. ते मागच्या दाराने स्नॅपची यंत्रणा बसवायचे आणि ब्राउझर तिथून आणायचे. स्नॅपचे दुकान उबंटू बनवणाऱ्या एकाच कंपनीच्या ताब्यात, त्याचा सर्व्हरकडचा कोड बंद. स्नॅपची बाजूही आहे: एकच पॅकेज अनेक आवृत्त्यांवर चालते, अपडेट आपोआप होते. पण मागितले एक आणि दिले दुसरे, तेही न विचारता, हे मला आजही गैर वाटते.

जून २०२०च्या मिंट २०ने ‘नोस्नॅप.प्रेफ’ नावाची छोटीशी फाइल ठेवली. तिच्यात स्नॅपडी या, स्नॅप चालवणाऱ्या पॅकेजचा प्राधान्यक्रम उणे १० केलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या पॅकेजच्या आडून ते आत शिरत नाही. ज्याला हवे त्याने ही फाइल काढावी आणि स्नॅपडी बसवावे. वाट मोकळी आहे. बंदी म्हणतात ती एवढीच.

चूक मिंटकडूनही झाली. त्या आवृत्तीत क्रोमियमच्या जागी रिकामे पॅकेज होते. तत्त्व बरोबर असले तरी नव्या माणसाला ब्राउझर हवा होता, स्पष्टीकरण नव्हे. पुढे काही महिन्यांनी मिंटने क्रोमियम स्वतः बांधून दिला, तेव्हा ही गैरसोय मिटली. २०२२पर्यंत उबंटूने फायरफॉक्सही स्नॅपवर नेला. मिंटने तो साध्या पॅकेजच्या रूपात ठेवला.

उबंटूशी उद्या जमलेच नाही तर आधार म्हणून उबंटू ज्यावर बेतले आहे त्या डेबियनवर थेट उभी असलेली एलएमडीई ही आवृत्ती मिंटने २०१०पासून सांभाळली आहे. बाहेरून येणाऱ्या ॲप्ससाठी मिंटने फ्लॅटपॅक या स्नॅपसारख्याच दुसऱ्या पद्धतीला जवळ केले, पण तिथेही सरसकट दार उघडले नाही. २०२४च्या मिंट २२पासून, मूळ निर्मात्याकडून आल्याची पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक ॲप्स सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आपण होऊन दिसत नाहीत. ती पाहायची तर सेटिंगमध्ये जाऊन, इशारा वाचून, आपल्या हाताने परवानगी द्यावी लागते.