‘तो मॅक्रो पाठवा ना’ म्हणजे नेमकं काय पाठवायचं?

मार्चअखेरीला ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. त्या एका पतसंस्थेचे हिशेब बघतात. “दादा, तुमच्या एक्सेलच्या व्हाउचरवर आकडा टाकला की खाली अक्षरी रुपये आपोआप येतात ना, तो मॅक्रो पाठवा की.” मी माझी फाइल पाठवून दिली. तासाभराने पुन्हा फोन. “तुमच्या फाइलीत चालतंय. आमच्या फाइलीत तोच फॉर्म्युला टाकला तर ‘#नेम?’ येतंय.”

चूक त्यांची नव्हती. त्यांनी मॅक्रो, म्हणजे फाइलीत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, मागितला आणि मी मॅक्रोच पाठवला. ‘#नेम?’ म्हणजे एक्सेलला ते नावच ओळखीचं नाही. त्यांना हवा होता अ‍ॅड-इन, म्हणजे एक्सेलला जोडायचा जास्तीचा भाग.

हा गोंधळ होतो, कारण आतला मजकूर दोन्हींत सारखाच असतो. १९९३ साली आलेल्या एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीपासून व्हीबीए ही प्रोग्रॅम लिहायची भाषा एक्सेलच्या पोटात आहे. मॅक्रो तिच्यात लिहितात आणि नेहमीचा एक्सेल अ‍ॅड-इनही तिच्यातच लिहितात. ऑल्ट आणि एफ-११ दाबल्यावर उघडणारा एडिटरही एकच. कोड वाचून सांगता येणार नाही, की हा मॅक्रो आहे का अ‍ॅड-इन. फरक आहे तो कोडच्या मुक्कामाचा. मॅक्रो फाइलीच्या पदराला बांधलेला असतो, अ‍ॅड-इन त्या कॉम्प्युटरवरच्या एक्सेलच्या.

आधी मॅक्रोचं बघू. फाइलीत कोड असेल तर ती ‘एक्सएलएसएम’ या प्रकारची म्हणून सेव्ह करावी लागते. २००७ च्या ऑफिसपासून ही वाटणी झाली: ‘एक्सएलएसएक्स’ या नेहमीच्या प्रकारात कोड राहूच शकत नाही. तरी सवयीने कोणीतरी ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून सेव्ह करतं, एक्सेल बजावतं की कोड जाईल, आणि माणूस न वाचता ‘येस’ दाबतो. फाइल बंद केली की कोड गेला, परत येत नाही. मॅक्रो ‘आपोआप उडाला’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बरेच जण या ‘येस’चे बळी असतात.

फाइलीला बांधलेलं असण्याचा फायदाही मोठा आहे. फाइल पाठवली की कोड सोबत जातो, समोरच्याला काही बसवावं लागत नाही. एखाद्या सोसायटीच्या मेंटेनन्सची फाइल आहे, त्यात ‘या महिन्याची बिलं काढा’ असं बटण आहे. त्या बटणाला दुसऱ्या कुठल्याच फाइलीत काम नाही. तिथे अ‍ॅड-इन करत बसणं म्हणजे उगाच घाट घालणं.

‘रेकॉर्ड मॅक्रो’ने केलेले मॅक्रो तर फाइलीला जरा जास्तच चिकटून असतात. तुम्ही ए-१ पासून एच-१२० पर्यंत निवडलंत तर तो तेवढंच लक्षात ठेवतो; पुढच्या महिन्यात १३४ ओळी आल्या तर शेवटच्या १४ बाहेर. शिवाय रेकॉर्डर फक्त कृती टिपतो. सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन वापरायचं नवं फंक्शन त्याच्याकडून कधीच तयार होत नाही, ते हाताने लिहावं लागतं. अक्षरी रुपये हे असंच हाताने लिहायचं फंक्शन.

आणि ते लिहायला बसलात की मराठीची गंमत सुरू होते. एक्सेलमध्ये आकडा शब्दांत लिहिणारं तयार फंक्शन आहे, ‘बाटटेक्स्ट’, पण ते थाई भाषेत लिहितं. इंग्रजीसाठी मायक्रोसॉफ्टनेच नमुन्याचा कोड दिला आहे, पण तो थाउजंड-मिलियन करत डॉलर आणि सेंटवर थांबतो. लाख-कोटीची पायरी आपण घालायची. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे पाढे दिले की शंभरापर्यंत भागतं. मराठीत नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव शब्द एकेक करून लिहावे लागतात, कारण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद कुठल्या सूत्रात बसत नाहीत. त्यात नुसते १०० असतील तर ‘शंभर’, पण १०१ झाले की ‘एकशे एक’.

बरं, हे शब्द लिहायचे कुठे? व्हीबीएचा एडिटर देवनागरी ओळखत नाही. ‘पंचवीस’ पेस्ट करा, प्रश्नचिन्हांची रांग दिसते. प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने (कॉम्प्युटरसाठी ठरलेल्या त्या अक्षराच्या नंबराने) द्यायचं म्हटलं तर ‘ए’ला २३१९, ‘क’ला २३२५, नुसत्या ‘एक’साठी दोन क्रमांक. ‘सत्त्याण्णव’ला किती लागतील ते मोजायच्या आधीच उत्साह मावळतो. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे नव्व्याण्णव शब्द एका शीटवर सेलमध्ये लिहायचे (तिथे देवनागरी बिनतक्रार चालते) आणि कोडने तिथून उचलायचे.

अ‍ॅड-इनचा उपयोग इथेच कळतो. अ‍ॅड-इन ही खरं तर एक्सेलचीच फाइल, फक्त तिची शीट वापरणाऱ्याला दिसत नाहीत. नव्व्याण्णव शब्दांची शीट तिच्या पोटात सुखाने राहते, कोणी चुकून त्यावर काही टंकत नाही. करायचं काय, तर ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘एक्सेल अ‍ॅड-इन’ निवडायचं. फाइल ‘एक्सएलएएम’ होते आणि अ‍ॅड-इनच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. मग डेव्हलपर टॅबवर ‘एक्सेल अ‍ॅड-इन्स’ उघडून नावापुढे टिक करायची. यानंतर एक्सेल उघडलं की ती गुपचूप मागे उघडते आणि तिच्यातलं फंक्शन कुठल्याही फाइलीत सम किंवा अ‍ॅव्हरेजसारखं चालतं. ताईंना हवं होतं ते हे.

फक्त ऑल्ट आणि एफ-८ दाबून मॅक्रोंची यादी उघडलीत तर अ‍ॅड-इनमधले मॅक्रो तिथे दिसणार नाहीत. ‘अ‍ॅड-इन बसवला, पण काहीच आलं नाही’ हे वाक्य मी यामुळेच पुष्कळदा ऐकतो. फंक्शन असेल तर नाव टाइप करायचं. कृती असेल तर तिला वरच्या पट्टीवर बटण करून द्यायचं.

आता ज्या ठिकाणी जाणकारही घसरतात ते. चालू मॅक्रो तसाच्या तसा अ‍ॅड-इन केला आणि तो बिघडला, असं झालं की कोडमध्ये ‘दिस-वर्कबुक’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह-वर्कबुक’ हे दोन शब्द शोधा. पहिल्याचा अर्थ ‘हा कोड ज्या फाइलीत आहे ती’, दुसऱ्याचा ‘माणसाच्या डोळ्यांसमोर उघडी आहे ती’. मॅक्रो असेपर्यंत या दोन्ही बहुधा एकच फाइल असतात, त्यामुळे कुठला शब्द लिहिला याने बिघडत नाही. अ‍ॅड-इन झाला की दोघांची फारकत होते. शब्दांची शीट ‘दिस-वर्कबुक’मध्ये शोधायची, व्हाउचर ‘अ‍ॅक्टिव्ह-वर्कबुक’मध्ये. उलट केलंत तर कोड तुमचं व्हाउचर अ‍ॅड-इनच्या अदृश्य शीटवर लिहून मोकळा होतो, आणि तुम्ही कोऱ्या पानाकडे बघत बसता.

दोन्हींच्या मधली एक सोयही आहे, ‘पर्सनल’ नावाची मॅक्रो फाइल. मॅक्रो रेकॉर्ड करताना ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडलं की ती तयार होते आणि दरवेळी लपून उघडते. स्वतःच्या बारीकसारीक कृतींसाठी ती छान आहे. पण तिच्यातलं फंक्शन वापरताना आधी तिचं नाव आणि उद्गारचिन्ह लिहावं लागतं, आणि ती दुसऱ्याला देणं म्हणजे आपलं सगळं कपाट देणं.

अ‍ॅड-इनची खरी किंमत फाइल दुसऱ्याकडे गेल्यावर मोजावी लागते. ताईंनी व्हाउचरची फाइल ऑडिटरना पाठवली आणि त्यांच्याकडे अ‍ॅड-इन नसला, तर पुन्हा हिशेब होताच अक्षरी रकमेच्या जागी ‘#नेम?’ उभं राहतं, नाहीतर फॉर्म्युल्यात ताईंच्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा सगळा पत्ता दिसायला लागतो. म्हणून बाहेर पाठवायच्या प्रतीत तो कॉलम कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त व्हॅल्यू ठेवायच्या.

सुरक्षिततेच्या बाबतीत अ‍ॅड-इन म्हणजे काहीतरी सोवळं आणि मॅक्रो धोक्याचा, असा समज आहे. तसं नाही. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा हा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतून पसरला आणि आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला, तेव्हापासून मॅक्रोचं नाव खराब झालं ते झालंच. पण व्हीबीएचा अ‍ॅड-इनही तेवढंच सगळं करू शकतो. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. लाल पट्टी येते आणि तिच्यावर ‘चालू करा’ असं बटणच नसतं. पाठवणाऱ्याची खात्री असेल तरच फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करायचं.

आणखी एक घोळ नावाचा. २०१३ पासून ऑफिसमध्ये दुसऱ्या जातीचेही अ‍ॅड-इन आहेत. ते एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असतात, म्हणजे बाजूच्या चौकटीत उघडणारं वेबपानच. ते विंडोजवर, मॅकवर आणि ब्राउझरमधल्या एक्सेलवरही चालतात. व्हीबीए ब्राउझरमध्ये किंवा फोनवर चालत नाही. मात्र असं पान बनवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येतं, तेव्हा पतसंस्थेची खाती उघडी असताना ते काय वाचायची परवानगी मागतंय हे बघावं. अक्षरी रुपयांसाठी मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

ताईंना शेवटी ‘एक्सएलएएम’ पाठवली, अनब्लॉक करायला फोनवर सांगितलं, आणि पहिल्याच व्हाउचरवर ‘एक लाख पंचवीस हजार चारशे एकोणऐंशी’ उमटलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन, की आकडा ८९ असला तरीही एकोणऐंशीच येतंय. माझ्या शीटवर ते दोन्ही सेल सारखेच भरले गेले होते. चेकवर अंक आणि अक्षर जुळले नाहीत तर अक्षरी रक्कम धरायची, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १८ सांगतं, त्यामुळे ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अ‍ॅड-इनमध्ये एक सेल दुरुस्त केला आणि नवी फाइल जुनीच्या जागी ठेवायला सांगितली. पाच मिनिटांचं काम. पण अ‍ॅड-इन करायच्या आधी मी तोच कोड, त्याच शीटसकट, मॅक्रो म्हणून किती जणांच्या फाइलींत चिकटवून दिला होता, त्याची यादी आता आठवून आठवून करतोय.